चष्म्याच्या सावलीतली कोर

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की फोटो नेहमी टिपावाच लागतो असं नाही, तो रचताही येतो. आणि रचायला लागणारा माल बाहेरून आणावा लागत नाही, तो आपल्या कपाटाच्या तळाशी पडलेला असतो. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत कुणीतरी गेलेलं आहे. मी तसं काही सुचवलं नव्हतं, पण वस्तू म्हटलं की माणसं आपोआप मागे राहिलेल्या वस्तूंकडे वळतात, असं दिसतं. नावं गाळून, सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. बावीस वर्षं मी स्टुडिओच्या डार्करूममध्ये दुसऱ्यांच्या निगेटिव्ह छापल्या, त्यामुळे बोलणं थोडं कारागिरीच्या अंगाने जाईल. सांभाळून घ्या.

प्रश्न : वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं घड्याळ, चष्मा, फाउंटन पेन, पाकीट, दाढीचा ब्रश, मोजपट्टी, दोन डायऱ्या असं सगळं पांढऱ्या चादरीवर मांडून वरून फोटो काढला. फोटो स्वच्छ आला, पण लिलावाच्या यादीसारखा दिसतो. माझं काय चुकलं? (एक निवृत्त अभियंता)

चुकलं काही नाही. तुम्ही यादी केलीत आणि ती चोख झाली. हे काम कॅमेरा पाळण्यात असल्यापासून करत आला आहे. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी काढलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात फळ्यांवर ओळीने मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा एक फोटो आहे. सोबत त्याने लिहिलं आहे की उद्या ही भांडी चोरीला गेली, तर हा फोटो न्यायालयात मुका साक्षीदार म्हणून उभा करता येईल. तुमचा फोटोही तसाच साक्षीदार आहे. तो जपून ठेवा. आणि मग दुसरा काढा.

दुसऱ्यासाठी आठपैकी सहा वस्तू परत खणात टाका. टाकवत नाहीत, ठाऊक आहे. वरून काढलेल्या फोटोत कुठलीही वस्तू दुसरीच्या आड येत नाही, सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या होतात, म्हणून तर त्याची यादी होते. कॅमेरा टेबलाच्या उंचीवर आणा. एक वस्तू दुसरीला थोडी झाकेल. झाकलेल्या भागाबद्दल बघणाऱ्याला विचार करावा लागेल, आणि तुम्हाला हवं असलेलं चित्र तिथून सुरू होईल. पांढरी चादरही काढा. पांढऱ्यावर ठेवलेली कुठलीही वस्तू विकायला काढल्यासारखी दिसते. पेन ज्या टेबलावर असायचं त्याच टेबलावर ठेवा, त्यावरच्या ओरखड्यांसकट.

माझ्या वडिलांच्या चष्म्याची गोष्ट सांगते. ते हिशेबनीस होते. बायफोकल चष्मा, म्हणजे वर दूरचा नंबर आणि खाली वाचायचा, एक काडी कधीतरी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या उघड्या हिशेबवहीवर चष्मा ठेवून मी खिडकीच्या मऊ उजेडात किमान तीस फोटो काढले. सगळे नीटनेटके, सगळे निर्जीव. चष्मा आणि वही! कुठल्याही चष्मेवाल्याच्या भिंतीवर शोभेल असं चित्र. मग एका संध्याकाळी उन्हाची तिरीप टेबलावर आली. मी चष्मा उचलून बाजूला ठेवत होते, तेवढ्यात वहीवर त्याची सावली पडली. त्यांचं दूरच्या नंबरचं भिंग अंतर्गोल होतं, तसं भिंग उजेड फाकवतं, म्हणून त्याची सावली मध्ये काळोखी आणि कडेला उजळ अशी पडते. खालचा वाचायचा तुकडा मात्र उजेड गोळा करतो. त्यामुळे काळपट गोलाच्या तळाशी एक उजळ कोर उभी राहिली. चष्मा पानापासून जितका वर न्यावा तितकी कोर जास्त उजळ. मी दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चवडी लावल्या, चष्मा वीतभर वर अडकवला आणि फ्रेम इतकी आत घेतली की चष्मा बाहेरच राहिला. चित्रात फक्त वही आणि सावली.

आता त्या कोरेत वहीतली एकच ओळ मावत होती. आधी मी माझं नाव असलेली ओळ तिथे सरकवली. फोटो रडका झाला. मग पानं चाळताना दिसलं की एका ठिकाणी त्यांनी आकडा खोडून वर नवा लिहिला आहे आणि शेजारी छोटी सही केली आहे. कचेरीत खाडाखोडीवर सही करायची शिस्त असते, ती त्यांनी घरच्या वहीतही पाळली होती, जिथे तपासणारं कुणीच नव्हतं. ती सही मी कोरेत आणली. तो फोटो अजून माझ्या टेबलासमोर आहे.

तेव्हा कुठली वस्तू सगळ्यांत प्रिय आहे याचा विचार थोडा बाजूला ठेवा. वडिलांच्या हातांनी कुठल्या वस्तूवर सगळ्यांत जास्त खूण सोडली आहे, ते बघा. ब्रशचे केस एका बाजूला झिजले असतील, घड्याळाच्या पट्ट्याचं एकच भोक ताणलेलं असेल. आणि कृपा करून काही पुसू, चमकवू नका.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. भिंगाची अशी सावली खिडकीच्या मऊ उजेडात मिळत नाही. त्याला लहान आणि दूरचा दिवा लागतो : थेट ऊन, नाहीतर अंधाऱ्या खोलीत दोन मीटरवर धरलेली एका बल्बची विजेरी.

प्रश्न : ताई, माझ्याकडे फक्त फोन आहे. आजोबांचं लाकडी रीळ आणि पतंगाची चक्री असं मांडून फोटो काढते, पण जवळची वस्तू फुगलेली दिसते, सावल्या हव्या तितक्या काळ्या येत नाहीत आणि दर फोटोत रंग बदलतो. कॅमेरा घ्यायलाच हवा का? (दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

नको घेऊस. तुझ्या तिन्ही अडचणी फोनच्या आहेत, पण तिन्हीवर उतारा आहे.

फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड, म्हणजे रुंद दृश्य पकडणारी, असते. वाइड लेन्स घेऊन जवळ गेलं की पुढची वस्तू फुगते आणि मागची पळते. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूमचं बटण वापर. मागे सरकल्यामुळे आकार ताळ्यावर येतात. काही फोन वस्तू फार जवळ आली की तुला न विचारता अजून वाइड लेन्सवर उडी मारतात. चित्र एकदम हलल्यासारखं दिसलं की समजायचं, लेन्स बदलली. त्याची सेटिंग बंद करता येते.

सावल्यांचं म्हणशील तर फोन तुझ्यावर उपकार करायला जातो. त्याला अंधार म्हणजे चूक वाटते, म्हणून तो सावली उजळून देतो. वस्तूवर बोट दाबून ठेवलंस की फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक होतात. मग बोट खाली ओढून चित्र काळोखं कर. तुला वाटेल त्याहून थोडं जास्तच. शिवाय वस्तूच्या ज्या बाजूला सावली हवी, तिथे काळा कागद उभा कर. पांढरा कागद उजेड परत फेकतो हे सगळे सांगतात, काळा कागद तो गिळतो हे फार कमी जण सांगतात. भिंती पांढऱ्या असलेल्या खोलीत चौफेर उजेड उसळत असतो, तिथे काळ्या कागदाशिवाय गत नाही.

रंग बदलतो, कारण तुझ्या फोटोत दोन प्रकारचे उजेड आहेत. खिडकीचा निळसर, डोक्यावरच्या बल्बचा पिवळसर. फोन दर वेळी दोघांत वेगळी तडजोड करतो. बल्ब बंद. एकच खिडकी, शक्य असेल तर थेट ऊन न येणारी.

फोन हातात धरून काढू नकोस. स्टँड नसला तर पुस्तकांना टेकव, तीन सेकंदांचा टायमर लाव. हात मोकळे झाले की रीळ बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून प्रत्येक वेळचा फरक एकाच चौकटीत बघता येतो. रचलेल्या फोटोत नव्वद टक्के वेळ सरकवण्यातच जातो. जागचा न हलणारा कॅमेरा नसेल तर हे काम होतच नाही. आणि हो, सेन्सर लहान असल्यामुळे फोनमध्ये पुढचं-मागचं बरंचसं आपोआप स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यावर त्यासाठी आम्ही अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बारीक करत बसतो.

प्रश्न : पत्र्याच्या, पितळेच्या, काचेच्या वस्तूंत दर वेळी मी आणि माझा कॅमेरा दिसतो. पोलरायझर फिल्टर आणला, काच सुधारली, पण धातूवर काहीच फरक नाही. फिल्टर खराब निघाला का?

फिल्टर ठीक आहे. पोलरायझर काचेवरची, पाण्यावरची, रोगणावरची चकाकी कापतो, तीही ठरावीक कोनातून. काचेसाठी तो कोन काचेवरच्या लंबापासून सुमारे ५६ अंशांचा. उघड्या धातूवरून परतणारा उजेड तसा ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, नसतो, म्हणून तिथे फिल्टर फिरवून काही होत नाही.

धातूबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. चकचकीत धातूला स्वतःचं रूप जवळजवळ नसतंच. त्यात दिसतं ते समोरचं. प्रतिबिंब घालवायला गेलात तर डबा राखाडी भोपळ्यासारखा दिसेल. काय प्रतिबिंबित व्हावं, हे तुम्ही ठरवा. मोठ्या काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि त्याच्या मागे उभे राहा, म्हणजे तुम्ही गायब. मग बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला की धातूच्या कडेवर एक लांब पांढरी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. पुठ्ठा जवळ-लांब करून रेघ जाड-बारीक करता येते.

माझ्या आईचा बटणांचा गोल पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झाकणात मी खोलीतली खिडकी मुद्दाम ठेवली, कारण त्याच खिडकीशी बसून ती शिवायची. बटणं आधी मूठभर ओतली होती. रंगीबेरंगी ढीग, बघायला छान, अर्थ काही नाही. नंतर नीट पाहिलं तेव्हा काही बटणांच्या भोकांत तुटके दोरे अडकलेले दिसले. म्हणजे ती नवी आणलेली नव्हेत, फाटके कपडे टाकून देताना कापून ठेवलेली. फक्त ती घेतली. पाच निघाली. झाकणाच्या पुढे पाच बटणं, झाकणात खिडकी. बस्स.

प्रश्न : जुने कौटुंबिक फोटो कापून, त्यांत आजीच्या वस्तू मिसळून कोलाज करायचं आहे. बहीण म्हणते, मूळ फोटोला हात लावलास तर याद राख. पण कॉपी वापरली की त्यात जीव राहत नाही असं मला वाटतं. कोण बरोबर?

तुमची बहीण. वाद मिटला असं समजा, पण कारण सांगते.

विशीत असताना मी एका जुन्या फोटोतून मावशीचा चेहरा कात्रीने कापून काढला, कारण मला तो एका शिंपल्यात बसवायचा होता. चित्र बरं झालं. पण मूळ फोटोत मावशीच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो आता मनगटापाशी तुटलेला आहे, आणि शेजारी कोण उभं होतं हे सांगणारी तिची बोटंच कचऱ्यात गेली. निगेटिव्ह नव्हती. मावशी मला काही म्हणाली नाही, पण तिने नंतर मला एकही फोटो दिला नाही.

फोटो कापून नवं चित्र करण्याची परंपरा मोठी आहे, हे खरं. बर्लिनची हाना हॉख त्यातली मोठी कलावंत. पण ती कापायची ती छापील मासिकं. ती स्वतः एका प्रकाशनसंस्थेत भरतकाम-विणकामाचे नमुने काढायची नोकरी करत होती, छापील कागदाला तोटा नव्हता. तिने कापलेल्या पानाच्या हजारो प्रती बाहेर होत्या. तुमच्या आजीच्या फोटोची बहुधा एकच आहे. आपल्याकडचं उदाहरण चित्रकार विवान सुंदरम यांचं. २००१-०२च्या सुमारास त्यांनी आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे जुने फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. मावशी, म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल, आणि घरातली इतर माणसं, वेगवेगळ्या काळातली, एकाच खोलीत एकमेकांना भेटतात. मूळ फोटोंना कात्री लागली नाही, आणि जीव नाही असं ती चित्रं पाहून कुणी म्हणणार नाही.

कॉपीत जीव राहत नाही, कारण आपण ती वाईट करतो. सपाट फोटो असेल तर ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, मूळ कृष्णधवल असला तरी रंगीतच. पिवळेपणा, डाग, कडेचा चंदेरी थर हे सगळं तेव्हाच येतं. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवा, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, कॅमेरा बरोबर वरून. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे कुणाचं अक्षर असतं. मग मॅट कागदावर मूळ आकाराचे चार-पाच प्रिंट काढा आणि हवे तसे कापा, चुरगळा, शिवा. कापलेले तुकडे काचेच्या तावदानावर ठेवा, काच चार सारख्या डब्यांवर उचला आणि खाली आजीची वस्तू ठेवा. वरचा कागद आणि खालची वस्तू यांच्यात जी हवा राहते, तिने चित्राला खोली येते. चिकटवलेल्या कोलाजमध्ये ती येत नाही.

आणि बहिणीला काम करताना शेजारी बसवा. आजी तिचीही आहे. तिला फोटोतली माणसं तुमच्यापेक्षा जास्त ओळखता येत असतील, असं मला तिच्या धमकीवरून वाटतं.

प्रश्न : आईचं अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) हरवलं. तसंच दिसणारं जुनं अंगुस्तान मिळवून मी तिच्या कात्रीशेजारी ठेवलं आणि फोटो काढला. सगळ्यांना आवडला. पण मला चोरी केल्यासारखं वाटतंय. ही फसवणूक आहे का?

फोटोत नाही. फोटोखाली तुम्ही काय लिहिलंत त्यावर आहे.

रचलेला फोटो खोटं बोलायला पहिल्या दिवसापासून शिकला आहे. १८४० मध्ये फ्रान्सच्या इपोलीत बायारने, ज्याने फोटोची स्वतःची रीत शोधली होती, स्वतःचा बुडून मेलेला फोटो काढला. डोळे मिटलेले, अंग उघडं. मागे मजकूर लिहिला की सरकारने दागेरला (फोटोची दुसरी रीत शोधणाऱ्याला) सगळं दिलं, मला काहीच नाही, म्हणून या बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. माणूस अर्थातच जिवंत होता आणि रागावलेला होता. १८५७ मध्ये ऑस्कर रेइलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच प्रचंड देखावा उभा केला. आजचा टोमास डेमांड तर खोल्याच्या खोल्या कागद-पुठ्ठ्याच्या बांधतो, त्यांचे फोटो घेतो आणि बांधलेलं सगळं नष्ट करतो. कागदाच्या टेबलाला कुणी खोटं टेबल म्हणत नाही.

तुम्ही ‘आईची कात्री आणि अंगुस्तान’ असं लिहिलं असेल तर बदला. ‘शिवणकाम’ लिहा, किंवा काहीच लिहू नका. पण मी तुमच्या जागी असते तर वेगळंच केलं असतं. अंगुस्तान हरवलं आहे ना? मग हरवलेलंच दाखवलं असतं. मळलेल्या कापडावर अंगुस्तान ठेवून भोवती पिठाची पूड किंवा टाल्कम भुरभुरवायची आणि अंगुस्तान अलगद उचलायचं. राहतो तो स्वच्छ गोल. तिरपा उजेड टाकला की कडा दिसतात. मेहनत जास्त आहे, तीन-चार वेळा पूड विस्कटेल. पण मग ती वस्तू खरी की बदली, हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : कॅमेऱ्याशिवाय वस्तूंची चित्रं करता येतात म्हणे, निळ्या रंगात. आईने क्रोशाने विणलेले रुमाल आणि काही बाटल्या आहेत. खराब होतील का?

तुम्ही सायनोटाइपबद्दल विचारता आहात. जॉन हर्शेलने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि लगेच पुढच्या वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने समुद्री शेवाळांचे नमुने थेट कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या चित्रांचं पुस्तक भागाभागांनी काढायला घेतलं. कॅमेरा नाही, भिंग नाही. वस्तू आणि ऊन.

फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे वेगवेगळे द्राव सारख्या प्रमाणात मिसळायचे, साध्या बल्बच्या मंद उजेडात कागदावर ब्रशने लावायचे आणि अंधारात वाळवायचे. हातमोजे घाला, खोलीत हवा खेळती ठेवा आणि त्यात कुठलंही तीव्र आम्ल मिसळू देऊ नका. कागद पूर्ण वाळला की वर वस्तू ठेवून उन्हात न्यायचा. पिवळसर हिरवा थर राखाडी-करडा होईपर्यंत थांबायचं. ऊन कसं आहे त्यावर पाच मिनिटं किंवा वीस. मग पाण्यात, पिवळेपणा निघून जाईपर्यंत. निळा रंग पुढच्या एका दिवसात आणखी गडद होतो.

रुमाल खराब होण्याची भीती रास्त आहे. कागद जराही ओलसर असेल तर रंग धाग्यात चढतो. मध्ये पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म घाला, वर काच दाबून बसवा म्हणजे प्रत्येक टाका कागदाला टेकेल. रुमाल ठसठशीत येतो, पण मला विचाराल तर बाटल्या जास्त मजा देतात. काचेतून ऊन वाकडंतिकडं जातं, जाड काच वेगळी, बुडबुडा वेगळा, आणि चित्रात बाटली दिसायच्या ऐवजी तिच्यातून गेलेला उजेड दिसतो.

ते चित्र साबणाने धुऊ नका, अल्कली निळा रंग खाते. आणि भिंतीवर फिकं पडलंच तर घाबरू नका, काही दिवस अंधाऱ्या खणात ठेवा, बरंचसं परत येतं. असा स्वभाव असलेला दुसरा फोटो मला माहीत नाही.

प्रश्न : जुना स्कॅनर पडून आहे. त्यावर थेट वस्तू ठेवल्या तर चालतं का?

चालतं, पण आधी स्कॅनर कुठल्या जातीचा ते बघा. जाडजूड, आत नळीचा दिवा असलेला सीसीडी स्कॅनर काचेपासून साधारण सेंटीमीटरभर उंचीपर्यंत स्पष्ट बघतो. पातळ सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलं तेवढंच बघतो, बाकी धूसर. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून स्वच्छ ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा ताव, पसरा. खोलीत अंधार करा आणि झाकण उघडंच ठेवा. मागची बाजू आपोआप काळी येते, वस्तू अंधारातून वर आल्यासारख्या दिसतात. मांडणी मात्र आंधळी करावी लागते, कारण तुम्ही पाठ बघत असता आणि स्कॅनर पोट. पंधरावीस फेऱ्या धरून चाला.

प्रश्न : घराच्या जुन्या चाव्या, आजोबांनी लिहिलेली पत्रं असे फोटो सगळ्यांना पाहता येतील असे टाकले तर चालेल ना?

चाव्या अजून कुठल्या कुलपाला लागत असतील तर अजिबात नको. स्पष्ट फोटोवरून दात मोजून चावी बनवता येते. दात सावलीत घाला, किंवा चावी उलटी करून फक्त कडी दाखवा. चित्रही बहुतेक वेळा सुधारतं. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, आणि त्यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं हयात असतील. घडी घातलेल्या पत्राचा फोटो काढा. नाहीतर अक्षर ओळखू येईल पण वाक्य वाचता येणार नाही, इतकं तिरकं ठेवा.

प्रश्न : आई जाऊन तीन महिने झाले. तिची पेटी उघडवत नाही. तुमचं सदर वाचून वाटलं की फोटोच्या निमित्ताने उघडावी. करू का?

निमित्ताची गरज वाटते आहे, तर थोडं थांबा. पेटी कुठे पळत नाही.

जपानच्या फोटोग्राफर इशिउची मियाको यांची आई २००० मध्ये गेली. आईशी त्यांचं फारसं पटलेलं नव्हतं. मागे उरलेल्या वस्तू, वापरलेल्या लिपस्टिक, आतले कपडे, यांचे त्यांनी एकेक करून फोटो काढले. ते काम २००५ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात मांडलं गेलं. अर्धवट झिजलेली लिपस्टिक त्या फोटोत इतकी मोठी आणि एकटी दिसते की तिच्याकडे नीट बघावंच लागतं. त्यांनी सुंदर मांडणी केली नाही. एक वस्तू, उजेड, पुढची वस्तू.

उघडायचीच झाली तर पहिल्या दिवशी काही रचू नका. झाकण उघडल्या उघडल्या आत जसं आहे तसा एक फोटो काढा, कशालाही हात लावायच्या आधी. आईने ठेवलेली मांडणी पुन्हा मिळणार नाही. तुम्ही एक घडी उचललीत की ती मोडली. तो एक फोटो घ्या आणि वाटल्यास पेटी परत बंद करा.

प्रश्न : चित्र पूर्ण झाल्यावर त्या वस्तूंचं काय करायचं? पुन्हा वापरायच्या की जपून ठेवायच्या?

माझ्या फोटोतलं डावीकडून तिसरं बटण सध्या माझ्या स्वेटरला आहे. आधीचं दोन महिन्यांपूर्वी गळून पडलं, आणि डबा हाताशी होता.